छापण्याआधी पुस्तक कुणीतरी वाचा : मराठी प्रकाशकांना खुले पत्र

मराठी प्रकाशक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. यंदाचं तेविसावं वर्ष. पुस्तक तुमच्या हातून सुटलं की पुढचं त्याचं आयुष्य माझ्यासमोर जातं. कोण नेतं, किती दिवसांनी परत येतं, कितव्या पावसाळ्यात त्याची पानं सुटतात, हे मला दिसतं. तुम्हाला ते दिसण्याची सोय नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या महिन्यात आमचे एक जुने वाचक, निवृत्त शाळामास्तर, पुस्तक परत करायला आले. सह्याद्रीतल्या घाटवाटांवरचं पुस्तक. तीनशेच्या वर पानं, किंमत ४५० रुपये. टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, मी नियम मोडलाय. दंड किती ते सांगा." पुस्तकात काही लिहिलं तर आमच्याकडे दंड आहे. मी पानं उलटली. समासात शिसपेन्सिलीने, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत दुरुस्त्या केलेल्या. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी बेरीज मांडली होती : २१७.

दंड मी घेतला नाही. पुस्तक घरी नेलं आणि दोन रात्री त्यांच्या खुणांसकट वाचून काढलं.

त्यातल्या निम्म्याहून जास्त चुका एकाच जातीच्या होत्या. 'दुसर्या दिवशी', 'पायर्या चढून', 'झर्याचं पाणी'. 'ऱ्या' जिथे जिथे यायला हवा, तिथे तिथे 'र्या' झालेला. आणि एका पानावर घाटमाथ्यावरून खाली बघताना लेखक म्हणतो, 'समोर खोल दर्या पसरल्या आहेत'. आमच्या गावाला दर्या दाराशी आहे. 'दर्या खवळलाय' हे इथली पोरं रोज ऐकतात. सहावीतल्या मुलाने हे वाक्य वाचलं तर त्याला घाटमाथ्यावरून समुद्र दिसेल. लेखकाला दऱ्या दाखवायच्या होत्या. तो स्वतः त्या दऱ्यांत उतरला होता, दोराला धरून, पाठीवर ओझं घेऊन, आणि ते त्याने फार सुरेख लिहिलंय. पुस्तकाने त्याच्या पायाखालची जमीनच बदलून टाकली.

हे कसं होतं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मजकूर कुठल्या तरी जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला असतो, मग तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये येतो. त्या प्रवासात 'ऱ' गळतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकते. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला दरी आणि दर्या सारखेच. पण यंत्रातून मजकूर बाहेर आल्यावर तो कागदावर काढून, पेन्सिल हातात घेऊन, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एका माणसाने वाचला असता तर पहिल्या दहा पानांतच त्याच्या लक्षात आलं असतं. म्हणजे लेखकाने लिहिल्यानंतर आणि आमच्या मास्तरांनी घरी नेण्याआधी ते पुस्तक कुणीही वाचलेलं नव्हतं. माझ्या या सगळ्या पत्राचा विषय एवढाच आहे.

शुद्धलेखनाचा काटेकोरपणा मिरवायला मी लिहीत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत आलेले चार, यांवर लोक अजून भांडतात, भांडू देत. मालवणी बोलणारी म्हातारी कादंबरीत मालवणीच बोलणार. कवीने वेलांटी त्याच्या कानाला हवी तशी लिहिली तर तो त्याचा हक्क. जाणूनबुजून मोडलेला नियम वाचकाला बरोबर ओळखता येतो. त्याच पुस्तकात एका पानावर 'आणि' आणि पुढच्या पानावर 'आणी' आलं, की कुणी बघितलेलं नाही हेही त्याला तितकंच स्पष्ट कळतं.

त्या घाटवाटांच्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट सांगते, ती मास्तरांच्या २१७ मध्ये धरलेली नाही. मध्ये समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला नकाशा आहे. लेखकाने हाताने काढलेला, गावांची, टेपाडांची, पाण्याच्या टाक्यांची नावं घातलेला. ज्या वाटेसाठी तो काढला ती वाट नेमकी दोन पानांच्या मधल्या खाचेत, बांधणीत गेली आहे. पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून पाहिलं तरी वाट दिसत नाही. जास्त जोर लावला असता तर पान हातात आलं असतं. छापण्याआधी एक डमी, म्हणजे नमुना प्रत, करून ती उघडून बघितली असती तर नकाशा एका बाजूला सरकवायला काही मिनिटं लागली असती.

आता दुसरं एक पुस्तक. याचं मला जास्त वाईट वाटतं.

आमच्या गावात एक निवृत्त परिचारिका आहेत. पस्तीस वर्षं खाडीपलीकडच्या गावांत नोकरी केली. निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या, चार मोठ्या वह्या भरून. एका प्रकाशकाने छापून द्यायचं कबूल केलं, पैसे बाईंचे. फंडातले पैसे त्यांनी दिले. सहा महिन्यांनी ३०० प्रती खोक्यांत भरून टेम्पोने घरी आल्या. पुस्तकाच्या कण्यावर बाईंचं आडनाव चुकलेलं. मी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं, कारण त्यात एक प्रसंग असा आहे की तो वाचताना खाली ठेवता येत नाही. भरतीच्या वेळी, रात्री, होडीत बाळंतपण. कंदील धरणारा तांडेल तोंड दुसरीकडे करून उभा, आणि बाई त्याला सांगताहेत, तोंड फिरव पण हात हलवू नको. मराठीत इतका जिवंत प्रसंग मी फार थोड्या ठिकाणी वाचलाय.

तो प्रसंग चौथ्या प्रकरणात आहे आणि नवव्या प्रकरणात पुन्हा आहे. नवव्यात होडीऐवजी खाडी ओलांडायची तर आहे आणि बाळ मुलगी आहे. दोन वेगवेगळ्या रात्री असतील, किंवा आठवण सरमिसळ झाली असेल. बाईंना विचारायला हवं होतं. विचारणारं कुणी नव्हतं. मधल्या तीन प्रकरणांत बदल्यांच्या आदेशांचे क्रमांक आणि तारखा आहेत, ती कुणी तरी प्रेमाने काढायला सांगितली असती तर बाईंनी काढली असती. त्यांना आपलं लिखाण चांगलं व्हायला हवं होतं, जसंच्या तसं राहायला नको होतं. चार वह्यांमध्ये एक १६० पानांचं पुस्तक दडलेलं होतं आणि ते महाराष्ट्रभर वाचलं गेलं असतं. झालं ते २९६ पानांचं, आणि त्याच्या प्रती पडवीत ओल धरून आहेत. वितरण बाईंनीच करायचं होतं, हे त्यांना खोकी उतरवून घेताना कळलं. करार म्हणून त्यांच्याकडे पैशांची पावती आहे, बाकी कागद नाही.

त्या मला विचारतात, "पुस्तक बरं झालंय ना गं?" मी हो म्हणते, आणि त्या रात्री मला झोप लागत नाही.

लेखकाचे पैसे घेऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही. धंद्याची अडचण मला समजते. पूर्वी अकराशे प्रतींची आवृत्ती काढायचा जो प्रघात होता तो आता पाचशेवर, तीनशेवर आला आहे. कागद महाग, दुकानं कमी, ग्रंथालयांचं अनुदान कधी येईल त्याचा भरवसा नाही, हे मी रोज भोगते. पण पैसे घेतल्यावर त्या पैशांत संपादन आहे की नाही, वाटप कोण करणार, हे कागदावर यायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या १९व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. गावातल्या नव्या लेखकाला हे ठाऊक नसतं. तुम्ही सांगितलं तरच त्याला कळणार.

आमच्या एका कपाटात निर्णयसागरच्या काही जुन्या प्रती आहेत, कुठल्या तरी वकिलाच्या घरून देणगी आलेल्या. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेला हा छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या टाइपाचं कौतुक सगळे करतात, आणि ते अक्षर आहेच तसं, डोळ्याला थंडावा देणारं. पण मला त्या पुस्तकांच्या पहिल्या पानावरची नावं जास्त महत्त्वाची वाटतात. काशीनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर. ग्रंथ कालिदासाचा असो की बाणभट्टाचा, तो ज्यांनी शोधून, तपासून छापण्याजोगा केला त्यांचं नाव मूळ लेखकाच्या नावाखाली ठळक छापलेलं. चूक राहिली तर कुणाला विचारायचं ते वाचकाला माहीत. नाव छापलं जाणार म्हटल्यावर माणूस पान उलटण्याआधी पुन्हा एकदा बघतो.

पुढच्या काळात गिरगावात, खटाववाडीत, 'मौज'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहून हस्तलिखितं परत पाठवत, पुन्हा लिहायला लावत. लेखक रागावत असतील, कंटाळतही असतील. पण त्या पुस्तकांत चौथ्या प्रकरणातला प्रसंग नवव्यात पुन्हा येत नाही. आज आपण त्या दिवसांचे सोहळे करतो, त्यांच्यावर गौरवग्रंथ काढतो. ते जे काम टेबलाशी बसून करत होते त्यासाठी किती प्रकाशनगृहांनी माणूस नेमला आहे? आणि जिथे असा माणूस आहे, तिथे त्याचं नाव पुस्तकात का नसतं? मुखपृष्ठ कुणाचं ते असतं, मुद्रण कुठे झालं ते असतं, अक्षरजुळणीचंही असतं. संपादकाचं आणि मुद्रितशोधकाचं नाव शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा सापडत नाही. काही प्रकाशक ते आवर्जून देतात. त्यांच्या पुस्तकांत चुका कमी असतात, हे माझ्या कपाटांवरून मी सांगू शकते.

बांधणीबद्दल थोडं लांबून सांगावं लागेल, कारण कोकणातला पावसाळा मुंबई-पुण्यात बसून कळत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या कपाटांच्या काचांना आतून पाणी धरतं. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन असतं, त्यामुळे आतली बाजू ओल पिते आणि बाहेरची पीत नाही, मग मुखपृष्ठ भज्यातल्या पानासारखं वळतं. कागद जर मशीनच्या सोयीने आडवा कापलेला असेल, म्हणजे त्याचे तंतू कण्याला समांतर नसतील, तर पानांच्या मुळाशी लाटा येतात आणि ते पुस्तक पुन्हा कधी सपाट मिटत नाही. कागद कुठल्या बाजूने सहज वाकतो ते दोन हातांत धरून बघितलं तरी कळतं. आमचा बाइंडर ते डोळे मिटून सांगतो.

जुनी पुस्तकं सोळा-सोळा पानांचे फर्मे दुमडून, दोऱ्याने शिवलेली असत. दोरा तुटला तरी फर्मा एकत्र राहायचा, आणि बाइंडर त्याच भोकांतून पुन्हा शिवायचा. साठ वर्षांपूर्वीची कितीतरी पुस्तकं आमच्याकडे तिसऱ्या शिलाईवर चालू आहेत. आता पाठ तासून नुसता गरम गोंद लावतात. चाळीस-पन्नास वाचकांच्या हातांतून गेलं की मधलं एक पान निघतं, मग त्याच्या शेजारचं. मग आमचा बाइंडर कडेने भोकं पाडून आडवी शिलाई घालतो. त्यासाठी आतल्या बाजूला निदान पाऊण इंच कोरी जागा लागते. पानं वाचवायची म्हणून तुम्ही तिथेच सर्वांत जास्त काटकसर करता. शिलाई घातली की ओळीची पहिली दोन अक्षरं दोऱ्याखाली जातात आणि पुस्तक असून नसल्यासारखं होतं. सगळ्या प्रती शिवून द्या असं मी म्हणत नाही. चारशे पानांच्या वरचं पुस्तक तरी शिवा, आणि ते जमत नसेल तर आतला समास मोकळा सोडा. एवढ्याने आम्हाला त्या पुस्तकाची दहा वर्षं वाढवून मिळतील.

मुखपृष्ठांविषयी माझी तक्रार नाही. मराठीत ती परंपरा दीनानाथ दलालांपासून जिवंत आहे आणि आजही उत्तम काम होतं. अक्षराबद्दल मात्र एक सांगते : शासनाने २००९ साली मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' कायम केले, मुलं शाळेत ते गिरवतात, आणि मुलांच्याच गोष्टींच्या पुस्तकांत हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' छापलेले असतात. पहिलीतली एक मुलगी माझ्याकडे पुस्तक घेऊन आली होती, हे अक्षर कोणतं, म्हणून. फाँट निवडणाऱ्याने एकदा मुलाच्या डोळ्यांनी पान बघावं.

आता सूची, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पानावर आहे ते सांगणारी पुस्तकामागची यादी. मागे महाविद्यालयातला एक मुलगा आला. त्याला १९३०च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहावर लिहायचं होतं. आमच्याकडे त्या काळातल्या कार्यकर्त्यांची चरित्रं, आत्मचरित्रं अकरा आहेत. शब्दसूची एकातही नाही. प्रकरणांना नावं आहेत 'झंझावात', 'अग्निपरीक्षा' अशी, त्यांवरून काही कळत नाही. आम्ही दोघांनी तीन दुपारी बसून पानं चाळली. एका पाचशे पानांच्या आत्मचरित्रात दीड पान मिळालं, प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाचं, आणि मुलगा टेबलावर हात आपटून हसला. त्या पुस्तकाची सूची मी मग हाताने केली, व्यक्ती आणि गावं एवढीच, आणि मागच्या कोऱ्या पानाला डकवली. तेव्हापासून ते पुस्तक वर्षातून चार-पाच वेळा बाहेर जातं. आधी सहा वर्षं ते जागचं हललं नव्हतं.

आपल्याकडे हे कधी नव्हतंच, असंही नाही. केतकरांनी १९२०च्या दशकात ज्ञानकोश काढला तेव्हा अख्खा एक खंड सूचीला दिला. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, पुढे १९५० पर्यंत आणली. त्या माणसाला लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या या गोष्टी नोंदवता आल्या कारण त्या पुस्तकावर छापलेल्या होत्या. आज माझ्यासमोर अशी पुस्तकं येतात ज्यांवर साल नाही. 'आवृत्ती : गुढीपाडवा' एवढंच. नुसतं पुनर्मुद्रण असताना 'नवी आवृत्ती' लिहिलेलं असतं आणि वाचक नव्याने काही आहे म्हणून दुसऱ्यांदा विकत घेतो. भाषांतराच्या पुस्तकात मूळ पुस्तकाचं नाव नाही, ते कुठल्या भाषेतलं ते नाही, आणि अनुवादकाचं नाव आतल्या पानावर बारीक. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, तरी तो नसतो. १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमरा ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला प्रत पाठवणं बंधनकारक आहे. परिचारिका बाईंच्या पुस्तकाची प्रत यांपैकी कुठेही गेलेली नाही. पडवीतली खोकी भिजली की होडीतली ती रात्र संपली.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही वाचनालयात पेढे वाटले. मला मनापासून आनंद झाला होता. त्या दर्जाचा पैसा, समित्या, संमेलनं यांचं जे व्हायचं ते होईल. माझं मागणं तुमच्याकडे आहे आणि ते तुमच्या हातातलं आहे. पुढचं पुस्तक छापायला देण्याआधी त्याची कागदी प्रत एका माणसाला द्या, त्याला पुरेसे दिवस द्या, रास्त पैसे द्या आणि त्याचं नाव पुस्तकात छापा. त्याला लेखकाला फोन करून 'ही रात्र कुठली?' असं विचारायची मुभा द्या. त्यापायी पुस्तक पाडव्याऐवजी दसऱ्याला आलं तर आम्ही थांबू. किंमत वीस-तीस रुपयांनी वाढली तर आमच्या खरेदी समितीला मी समजावीन. यंदाच्या यादीत संपादक-मुद्रितशोधकांची नावं देणारी आणि सूची असलेली पुस्तकं मी आधी लावली आहेत, समितीने ती तशीच मान्य केली.

मास्तरांच्या २१७ दुरुस्त्या मी पानं-ओळींसह स्वच्छ लिहून काढल्या, नकाशाची वेगळी नोंद केली, आणि गेल्या सोमवारी त्या प्रकाशकांना स्पीड पोस्टाने पाठवल्या. पुढच्या छपाईत घेता येतील. परिचारिका बाईंच्या वह्या मी त्यांच्याकडून मागून आणल्या आहेत. तुमच्यापैकी कुणाला त्या पहिल्यापासून वाचायच्या असतील तर कळवा, मी स्वतः घेऊन येईन.

मास्तर दर मंगळवारी येतात आणि प्रकाशकांचं काही आलं का ते विचारतात. या पत्राची एक प्रत मी त्यांनाही दाखवली. त्यांनी तीन ठिकाणी पेन्सिल लावली, त्या दुरुस्त्या करून पाठवते आहे.

आपली,
एक ग्रंथपाल